गाडीच्या चावीतला सेल घरी बदलता येईल का? बाबांना घेऊन पुन्हा घाट चढायच्या आधी करायचंय

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणला राहते, शाळेत शिकवते. गाडी २०१८ ची आहे, पेट्रोल, बटण दाबून सुरू होणारी. चावी म्हणजे तीन बटणांचा काळा गोटा. तो पर्समध्ये असला की दाराच्या मुठीवरचं छोटं बटण दाबायचं, दार उघडतं. तीन वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी त्यातला सेल बदलून दिला होता, त्यानंतर त्याच्याकडे कधी लक्षच गेलं नाही.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. डोळ्यात इंजेक्शन घ्यायला त्यांना दर महिन्याला कराडला न्यावं लागतं, कुंभार्ली घाटातून. गेल्या शनिवारी येताना हेळवाकला चहाला थांबलो. पाऊस धो धो. चहा घेऊन गाडीशी आलो आणि दार उघडेना. मुठीवरचं बटण दाबलं, काही नाही. चावीवरचं बटण दाबलं, तर चावीतला लाल दिवा अगदी मिणमिणता लागला आणि विझला. बाबांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी, डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं की आज डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. टपरीच्या पत्र्याखाली ते उभे, वाऱ्याने पाऊस आत येत होता, आणि मी छत्री त्यांच्या तोंडासमोर धरून दुसऱ्या हाताने चावी दाबतेय. वीस मिनिटं गेली. शेवटी चावी दाराच्या मुठीला अगदी चिकटवून दाबली तेव्हा दार उघडलं. मग समोरच्या पडद्यावर चावी सापडत नसल्याचा संदेश. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. घरी येईपर्यंत मी कुठेही इंजिन बंद केलं नाही.

आता आठवतंय की चावी पंधरा दिवस सांगत होती. पूर्वी मी शाळेच्या फाटकातून गाडी लॉक करायचे. मग पायरीपाशी यावं लागायला लागलं, मग गाडीच्या शेजारी उभं राहून. मी दुर्लक्ष केलं.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला फोन केला. ते म्हणाले, चावी दोन दिवस आमच्याकडे ठेवा, सेल काढला की कोडिंग जातं, मशीनवर परत करावं लागतं, नाही झालं तर नवी चावी. नव्या चावीचा आकडा पाच अंकी सांगितला. भाचा म्हणतो, आत्या, सुरीने उघड, पाच मिनिटांचं काम आहे. मला दोघांचंही पटत नाहीये.

माझे प्रश्न असे. सेल काढल्यावर खरंच कोडिंग जातं का? चावी उघडायची कशी, की काही मोडणार नाही? दुसरी चावी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली आहे, कधी वापरलेलीच नाही, तीच वापरायला घेऊ का? आणि आमच्याकडे पावसात भिंतींना बुरशी येते, चावीच्या आत दमट जात असेल का? पुढची कराडची फेरी तीन आठवड्यांनी आहे. जाणकारांनी नीट सांगा, मी सावकाश वाचून करीन.

घाटरस्ता

ताई, सेलचं इथले जाणकार सांगतीलच. मी टुरिस्ट गाडी चालवतो, पनवेल ते गोवा, तेव्हा अडकल्यावर काय करायचं तेवढं सांगतो. ते आधी माहीत असायला हवं.

तुमच्या गोट्याच्या पोटात एक साधी लोखंडी चावी आहे. कडेला छोटा खटका असतो, तो सरकवून धरला की ती बाहेर ओढता येते. ड्रायव्हरच्या बाजूच्या मुठीवर चावीचं भोक कुठे ते बघा. काही गाड्यांत ते उघडं दिसतं, काहींत प्लास्टिकच्या टोपीखाली दडवलेलं असतं. टोपीला खालून एक खाच असते, तिच्यात लोखंडी चावीचं टोक घालून टोपी काढायची. दार असं उघडलं की भोंगा वाजायला लागू शकतो. घाबरू नका, गाडीने चावी ओळखली की तो थांबतो.

आता गाडी सुरू करायची. ब्रेक दाबा, गिअरची गाडी असेल तर क्लचसुद्धा, आणि तो गोटाच स्टार्टच्या बटणाला टेकवा. काही गाड्यांत गोट्यानेच बटण दाबायचं असतं, काहींत टेकवून दोन सेकंद थांबून मग दाबायचं, आणि काहींत चावी ठेवायला कन्सोलमध्ये वेगळी जागा दिलेली असते. तुमच्या गाडीच्या पुस्तकात एक पान याच्यासाठीच असेल, ते काढून वाचा. सेल पूर्ण मेला असला तरी गाडी सुरू होते.

हेळवाकला तुम्हाला हे माहीत असतं तर दोन मिनिटांत आत बसला असता. चूक तुमची नाही, गाडी विकताना हे करून दाखवायला पाहिजे.

आणखी एक. जादा सेल गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवू नका. दार उघडत नसेल तर तो आतच राहणार. पर्समध्ये ठेवा, पाकिटातून न काढता.

मिरजेचा घड्याळवाला

ताई, घाटरस्ता यांनी महत्त्वाचं सांगितलं. मी आता चावीच्या आतलं सांगतो. आमचं दुकान मिरजेत, आजोबांपासूनचं. त्यांच्याकडे चावी द्यायची घड्याळं यायची, वडिलांकडे सेलची यायला लागली, आणि माझ्याकडे आठवड्याला पाच-सहा तरी गाडीच्या चाव्या येतात. त्यातल्या निम्म्यांना नुसता सेल लागतो. उरलेल्या निम्म्या घरी उघडताना खराब झालेल्या असतात. सेल ४० ते १०० रुपयांचा, आणि सुरीने मोडलेली चावी कित्येक हजारांची. म्हणून भाच्याला सांगा, सुरी नको.

आधी कोडिंगचं. घड्याळाचा सेल काढला की घड्याळ वेळ विसरतं, त्यामुळे लोकांना वाटतं चावीही विसरेल. कोडिंग म्हणजे गाडीला चावी ओळखू देणारी खूण. ती चावीतल्या चिपमध्ये कायमची लिहिलेली असते, तिला टिकून राहायला वीज लागत नाही. सेल काढून चावी महिनाभर कपाटात ठेवली तरी ती खूण जात नाही. काही जुन्या गाड्यांत सेल बदलल्यावर रिमोट एकदा गाडीशी जुळवून घ्यावा लागतो, पण तेही चावी इग्निशनमध्ये फिरवून किंवा पुस्तकात दिलेल्या पद्धतीने घरीच होतं. इंजिन सुरू करायची परवानगी देणारी चिप तर सेलवर चालतच नाही. स्टार्टच्या बटणाभोवती तारेचं वेटोळं असतं, चावी टेकवली की त्यातून तिला पुरेशी वीज मिळते. म्हणून तर सेल मेल्यावरही गाडी सुरू होते.

आता तुमची खिळ्यावरची चावी. ती वापरलेली नाही म्हणून चांगली असेल, असं समजू नका. या चाव्यांचं काम असं चालतं: तुम्ही मुठीवरचं बटण दाबता तेव्हा गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारते. ही हाक जेमतेम मीटर-दीड मीटर पोचते. चावी ती ऐकते आणि ओ देते, आपल्याकडे बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झवर. हाक कधी येईल सांगता येत नाही, म्हणून चावीचा कान दिवसरात्र उघडा असतो. खिळ्यावर टांगलेली चावीसुद्धा सेल खातच असते. टीव्हीजवळ, कॉम्प्युटरजवळ किंवा दाराशी उभ्या केलेल्या गाडीच्या फार जवळ टांगली असेल तर आणखी लवकर. दोन्ही चाव्यांचे सेल एकदमच बदला.

पण एक तपासणी आधी करा. दोन्ही चाव्या एकाच जागी नीट चालत नसतील आणि दुसरीकडे चालत असतील, तर दोष त्या जागेचा आहे. मोठे टॉवर, वीज केंद्रं यांच्याजवळ असं होतं. चावी आणि मोबाइल पर्सच्या एकाच कप्प्यात ठेवला तरी होतं. तुमच्या चावीचा पल्ला पंधरा दिवसांत हळूहळू कमी होत गेला, दिवाही मिणमिणता झाला, म्हणजे तुमच्या बाबतीत सेलच असणार. सेल संपताना आधी लांबून लॉक होणं बंद होतं, मग जवळून. पुढच्या वेळी फाटकातून लॉक झाली नाही की त्याच आठवड्यात सेल बदला.

कुठला सेल, ते चावी उघडल्यावर जुन्या सेलवर वाचा. बहुधा सीआर २०३२ असेल. हा आकडा म्हणजे सेलचं माप आहे: २० म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. सीआर २०२५ तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाड, सीआर २०१६ फक्त १.६. दुकानदार म्हणेल, २०२५ पण बसतो, खाली कागदाची घडी घाला. घालू नका. सेलमधून वीज घेणारी धातूची पट्टी त्याला नीट टेकत नाही, खड्ड्यात गाडी आपटली की चावीचा संपर्क तुटतो, आणि साठाही कमी. एका गिऱ्हाइकाने २०१६ चे दोन सेल एकावर एक ठेवले होते, जाडी बरोब्बर ३.२ झाली म्हणून. पण व्होल्ट झाले सहा. त्या चावीची चिप मला वाचवता आली नाही. आणि चार्ज करायचे सेल मिळतात, एलआयआर २०३२ लिहिलेले, तेही नकोत. मापाने तेच, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देतात, चावी तीन व्होल्टची आहे. शिवाय त्यांच्यात साठा साध्या सेलच्या पाचव्या हिश्शाइतकाच.

सेल बंद पाकिटातला घ्या, मागची तारीख बघून. बरणीत सुटे एकमेकांना घासत पडलेले सेल घेऊ नका. आणि काही कंपन्या मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून त्यावर कडू लेप देतात. हेतू चांगला आहे, पण काही चाव्यांत पट्टी लेपावर टेकते आणि संपर्क होत नाही. नवा सेल घालूनही चावी गप्प असेल तर सेलची ऋण बाजू, म्हणजे अक्षरं नसलेली, तिच्या कडेचा तो लेप स्पिरिटच्या कापसाने पुसून बघा.

उघडणं. लोखंडी चावी काढलीत की त्या पोकळीत, दोन कवचांच्या सांध्यावर, एक रुंद खाच दिसेल. कंपनीने उघडायला दिलेली जागा तीच. तिथेच जायचं, कडेने दुसरीकडे कुठेही नाही. आधी कुठे स्क्रू आहे का ते बघा, कधी कधी स्टिकरखाली असतो. चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोकाला सुती कापडाचा एक पदर गुंडाळा, खाचेत घाला आणि पिळा. वर उचकटू नका, पिळा. टक असा आवाज येईल. एका जागी सुटलं की पुढचं नखाने किंवा जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने सुटतं. जोर लावावा लागला तर थांबा, कुठेतरी खटका अडकलाय.

सेल काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या. अक्षरांची बाजू वर होती की खाली, हे दहा मिनिटांनी आठवत नाही. सेलवर तिरकी पट्टी असेल तर पट्टीच्या खाली काही घालून उचलू नका, ती एकदा वाकली की पुन्हा पूर्वीसारखी टेकत नाही. कडेला मोकळी जागा असते, तिथून लाकडी टूथपिकने ढकला. लोखंडी चिमट्याने सेल दोन्ही बाजूंनी धरू नका, त्याने शॉर्ट होतो. बोटांनीसुद्धा कडेला धरायचा. घामाचा पुसट डागसुद्धा पावसाळ्यात गंज धरायला पुरेसा असतो.

व्होल्ट मोजायचं मीटर मिळालं तर सेल मोजा, पण नुसता मोजू नका. हे मला फार वेळा सांगावं लागतं. लिथियमचा सेल जवळजवळ शेवटपर्यंत २.९ व्होल्टच्या आसपास दाखवत राहतो, आणि माणूस म्हणतो सेल चांगलाय. त्याला काम दिलं की तो बसतो. पिवळा, जांभळा, तपकिरी पट्ट्यांचा ४७० ओहमचा रेझिस्टर रुपया-दोन रुपयाला मिळतो, तो सेलच्या दोन बाजूंना दोन सेकंद टेकवून मीटर बघा. नवा सेल तीनच्या आसपास टिकतो. अडीचच्या खाली घसरला तर बदला.

आणि दमट. हो, आत जातं. कोकणातल्या चाव्या मी पाहिल्यात, सांगलीतल्या चाव्यांपेक्षा त्यांच्या पट्ट्या वेगळ्या दिसतात. हिरवट किंवा पांढरा थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइलवाले आयपीए म्हणतात ते, कान साफ करायच्या काडीवर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. घड्याळाच्या मशिनला मी पेट्रोल वापरतो, चावीला कधीही नाही, ते प्लास्टिक आणि रबर खातं. खोबरेल, गंज सोडवायचा स्प्रे, काही नको. आतल्या रबरी रिंगेवर धूळ राहू देऊ नका, पाणी अडवायचं काम तीच करते.

सगळं करूनही चावी कधी चालते, कधी नाही, आणि कवच दाबून धरलं की चालते, असं असेल तर पट्टीच्या पायाचा डाख सुटलाय. चावी पडली की हे होतं. तेव्हा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे किंवा माझ्यासारख्याकडे न्या, पाच मिनिटांचं सोल्डरिंग आहे. नवी चावी घेऊ नका.

रात्रपाळी

ताई, मी कोल्हापूरला लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. घरात लहान मूल येतं-जातं का? घड्याळवाले काकांनी सगळं सांगितलं, पण काढलेला सेल कुठे ठेवायचा ते राहिलं, आणि आम्हाला त्याची धास्ती असते.

२० मिलिमीटरचा हा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत बरोबर अडकतो. तिथली ओल दोन्ही बाजूंना लागली की वीज वाहायला लागते आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. चावीला चालवू न शकणारा सेलसुद्धा एवढं करायला पुरतो. 'मेलेलाच आहे तो' म्हणून आजीने खेळायला दिलेला सेल आम्ही पाहिलाय. मूल लाळ गाळतं, खात नाही, खोकतं, आणि घरच्यांना वाटतं सर्दी झाली.

गिळला अशी नुसती शंका आली तरी एक्स-रे असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला ताबडतोब निघायचं. उलटी काढायची नाही, दूध-भात द्यायचा नाही. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळू शकत असेल आणि बारा तासांच्या आतली गोष्ट असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी चहाचे दोन चमचे मध द्यायचा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने भाजणं थोडं मंदावतं. मध शोधायला मात्र थांबायचं नाही. नाकात घातला असेल तरी तेवढीच घाई करायची, फक्त मध नाही द्यायचा. जाताना सेलचं पाकीट बरोबर घ्या, डॉक्टरांना माप कळतं.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात उंचावर ठेवा. नवाही तसाच उंचावर.

वाशिष्ठीकाठ

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल रविवार होता, सगळं केलं. ज्यांना पुढे करायचंय त्यांच्यासाठी लिहिते.

मीटर आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलं, रेझिस्टरही तिथेच मिळाला. बाजारातून दोन सेलचं बंद पाकीट घेतलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पांढरा पंचा अंथरला, म्हणजे काही पडलं तर दिसेल. बाबा चष्मा लावून शेजारी बसले.

खटका सरकवून लोखंडी चावी काढली. खाच काकांनी सांगितली तिथेच होती, नखाएवढी. बाबांच्या जुन्या रुमालाचा पदर स्क्रू ड्रायव्हरला गुंडाळला, घातला, पिळला. पहिल्यांदा काहीच झालं नाही आणि माझा हात उचकटायला जात होता. थांबले. पुन्हा जरा खोल घालून पिळला तेव्हा टक झालं आणि सांध्यात केसाएवढी फट पडली. पुढे नखाने सुटत गेलं.

आत करडी रबरी रिंग, आणि रिंगेच्या खोबणीत पिठासारखी पांढरी पूड बसलेली. सेलची अक्षरं खालच्या बाजूला होती, मी छातीठोकपणे वर म्हणून सांगितलं असतं. फोटो घेतला ते बरं झालं. सीआर २०३२ च निघाला. टूथपिकने ढकलल्यावर सेल अलगद आला, आणि त्याखालच्या पट्टीच्या टोकावर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. आयपीएची पहिली काडी हिरवी-निळी झाली, दुसरी फिकट, तिसरी स्वच्छ निघाली. पट्टीचं टोक पिवळं चकचकीत दिसायला लागलं. रिंग काढून नुसत्या ओल्या फडक्याने पुसली. मग अर्धा तास पंख्याखाली.

सेल मोजले. जुना नुसता धरला तर २.९४. नुसतं एवढंच बघितलं असतं तर मी तो परत आत घातला असता. रेझिस्टर टेकवल्यावर आकडा डोळ्यांदेखत खाली आला, २.२ वर. नवा नुसता ३.२८, रेझिस्टर लावून ३.१. बाबांनी आकडे वहीत लिहून घेतले. दोनदा मोजायला लावलं.

खिळ्यावरची चावी उघडली. तिचा सेल नुसता धरूनच २.४१. एकदाही न वापरलेली चावी. तो खिळा दाराच्या चौकटीला आहे आणि गाडी अंगणात भिंतीला लागून असते. मधे दहा फूटही नसतील. शनिवारी मी तीच उचलून नेली असती तर काय झालं असतं, हे विचार करून अंगावर काटा आला. आता ती आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवलीय.

नवा सेल घातला, कवच बंद केलं. गाडीपासून पावलं मोजत फाटकाकडे गेले. शनिवारी संध्याकाळी तीन पावलांवरून दाबावं लागत होतं. काल फाटक ओलांडून, शेजाऱ्यांच्या फणसापर्यंत, बेचाळीस पावलं. तिथून दाबलं आणि गाडीचे दिवे लागले. कोडिंगबिडिंग काही गेलं नाही. दुसऱ्या चावीचंही नाही.

मग बाबा म्हणाले, आता सेल नसताना कसं करायचं ते करून बघू, अंगण कोरडं आहे तोवर. दुसऱ्या चावीतला सेल मुद्दाम काढून ठेवला, पहिली चावी घरात आत नेऊन ठेवली. मुठीवरची टोपी निघाली, तिच्याखाली भोक. लोखंडी चावी घातली तर कुलूप फिरेना, इतक्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता. बराच वेळ हलकं मागेपुढे करत फिरलं. दार उघडलं आणि भोंगा सुरू झाला, शेजारच्या काकू बाहेर आल्या. ब्रेक-क्लच दाबून चावी स्टार्टच्या बटणाला टेकवली, बटणाभोवतीचा दिवा बदलला, दाबलं, इंजिन सुरू, भोंगा बंद. बाबांनाही एकदा करायला लावलं. ते गाडी चालवत नाहीत आता, पण दार तरी त्यांना उघडता यायला हवं.

रात्रपाळी ताई, माझ्या भावाची सव्वा वर्षाची मुलगी दर सुट्टीला येते. दोन्ही जुने सेल चिकटपट्टी लावून घट्ट डब्यात, माळ्यावर. घरातला टीव्हीचा रिमोट, वजनाचा काटा, देवघरातला लुकलुकणारा दिवा, सगळ्यांची झाकणं तपासली. त्या दिव्याचं झाकण नुसतं बोटाने उघडत होतं. तो दिवा काढून टाकला.

काका, दोन शंका राहिल्या. रबरी रिंग एका कोपऱ्यात किंचित वर येते, तिथे कवच नीट बसलंय पण सांधा जरा जाड वाटतो. आणि दाराचं ते कुलूप सैल करायला शिवणयंत्राचं तेल घालू का?

मिरजेचा घड्याळवाला

रिंग वर येते म्हणजे कोपऱ्यात ताणली गेलीय. परत उघडा, रिंग पूर्ण काढा, आधी चारही कोपरे खोबणीत बसवा आणि मग मधल्या बाजू टूथपिकच्या बोथट टोकाने दाबत जा. एका टोकापासून सुरू करून गोल बसवत गेलं की शेवटी ती उरते आणि तुम्हाला दिसलं तसं वर येते. कापू मात्र नका. कवच बंद करताना चारही बाजूंनी अंगठ्याने दाबा, सांध्यावरून नख फिरवलं तर कुठे अडकायला नको. पाऊस संपेपर्यंत हे राहू देऊ नका, आजच करा.

कुलपाला तेल नको. तेलाला धूळ धरते आणि सहा महिन्यांत पहिल्यापेक्षा घट्ट होतं. हार्डवेअरच्या दुकानात ग्रॅफाइटची पूड मिळते, ती चिमूटभर भोकात फुंका, चावी आतबाहेर दहा वेळा करा, वर येईल तेवढी पूड पुसून घ्या. मग दर महिन्याला कराडला निघायच्या आदल्या दिवशी एकदा लोखंडी चावीने दार उघडत जा.